नळीचा सूर

जबलपूर हे तोफांचं गाव. १९०४ मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला आणि १९६९ मध्ये लष्करी ट्रकांची व्हेइकल फॅक्टरी. इथल्या कितीतरी मराठी घरांची चूल या कारखान्यांच्या पगारावर पेटली. अशा गावच्या माणसाला लोखंडाची नळी दाखवली की तिच्यातून काय सुटणार, हेच त्याच्या मनात आधी येतं. म्हणून बंदुकीच्या नळ्यांच्या वाद्याची, नलतरंगाची, कुळकथा जबलपूरकरानं सांगावी, असं मला फार दिवस वाटत होतं.

नलतरंग जन्मला मैहरला. जबलपूरहून अलाहाबादच्या गाडीत बसलं की कटनी मागे टाकल्यावर मैहर लागतं, सुमारे दीडशे किलोमीटरवर. आमच्याकडून मैहरला जाणं म्हणजे शारदामाईला जाणं. त्रिकूट टेकडीवर हजारावर पायऱ्या चढायच्या, दर्शन घ्यायचं, चुन्याच्या भट्ट्यांचा धुरळा अंगावर घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. त्याच शारदामाईला मानणारा, पाच वेळा नमाज पढणारा एक बंगाली सरोदिया खाली गावात राहत होता, ही गोष्ट बहुतेक यात्रेकरूंच्या कानावरही येत नाही. त्याच्या घराचं नाव मदिना भवन. त्याचं नाव अल्लाउद्दीन खाँ. सगळ्यांचे बाबा.

बाबा मूळचे ब्राह्मणबाडियाजवळच्या शिबपूर गावचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. लहानपणीच घर सोडून ते कलकत्त्याला पळाले. तिथे नुलो गोपाल नावाच्या गवयाकडे त्यांनी गाण्याचे पलटे घोटले. विवेकानंदांच्या नात्यातले हाबू दत्त नाटकांसाठी वाद्यवृंद चालवत, त्यांच्याकडे बाबांनी एकामागून एक वाद्यं हाताळली. आणि ईडन गार्डनच्या बँडचा गोव्याचा बँडमास्तर लोबो, त्याच्याकडे ते युरोपीय पद्धतीचं व्हायोलिन शिकले. हा लोबो मला या कथेत फार मोलाचा वाटतो. वीस माणसांनी एका वेळी एकच धून धरायची, कुणी वर, कुणी खाली, कुणी नुसता ठेका, आणि तरी सगळ्यांचा मिळून एक आवाज, ही कल्पना आपल्या मैफलीत नव्हती. ती कलकत्त्याच्या बागेत एका गोवेकरानं या मुलाच्या कानात घातली. पुढे रामपूरला वझीर खाँसाहेबांच्या दारात बाबांनी बीनकारांची विद्या मिळवली, तिथेही नवाबाच्या वाद्यवृंदात ते वाजवत होतेच. म्हणजे एकट्यानं आलाप करणारा कलावंत आणि घोळक्यात बसून वाजवणारा बँडवाला, दोघं एकाच अंगरख्यात वाढले.

१९१८ मध्ये मैहरचे राजे ब्रिजनाथ सिंह यांनी त्यांना गुरू म्हणून बोलावून घेतलं. संस्थान लहान, नऊ तोफांच्या सलामीचं. वर्ष मात्र भयंकर. त्या वर्षी मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएंझानं हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली. महाराष्ट्रात जुनी माणसं तिला मानमोडी म्हणत. मैहरच्या मुलुखातही साथीनं घरंच्या घरं रिकामी केली आणि मागे उरलेली पोरकी मुलं रस्त्यावर आली. या मुलांना अन्न आणि आसरा देता येत होता. बाबांनी त्यांना त्याबरोबर वाद्य दिलं. मैहर बँडचा जन्म हा असा.

मुलांचा कुणाच्याही घराण्याशी संबंध नव्हता. गाण्याबजावण्याचे संस्कार नव्हते, अक्षरओळख नव्हती. तेव्हा शिकवणी तोंडी. बाबा बोल म्हणत, मुलं म्हणत. बाबा सूर लावत, मुलं तो गळ्यात घेत आणि मग बोटांत. बाबांचा राग प्रसिद्ध होता, हात उठायचा, हेही इथेच सांगितलं पाहिजे, कारण पोरक्या मुलांच्या बाबतीत ते मनाला लागतं. पुढे खुद्द रविशंकरांनाही त्यांनी एकदा जाऊन बांगड्या भर असं सुनावलं होतं, तेव्हा रविशंकर सामान बांधून निघाले होते. पण याच बाबांनी हातात काहीच नसलेल्या मुलांना असं काही दिलं, जे कुठली साथ परत नेऊ शकणार नव्हती. रागदारीतल्या धुना, बुंदेलखंड-बघेलखंडातली लोकगीतं, पाश्चात्त्य धाटणीच्या चाली, अशा शंभराहून अधिक रचना त्यांनी या वृंदासाठी बांधल्या आणि त्या बहुतेक तोंडीच चालत आल्या.

वाद्यांची जमवाजमव हाताला लागेल तशी झाली. सतार, सरोद, इसराज, बासरी, तबला, ढोलक यांच्या शेजारी व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम, पियानो. जे मिळालं नाही ते बनवलं. सतार आणि बँजो यांचा मेळ घालून सितार-बँजो केला. घुमारदार आवाजाची धनुर्वाद्यं हवी होती म्हणून चंद्रसारंग घडवलं. भाऊ आयेत अली खाँ यांच्या हातानं सरोदची पोटपेटी मोठी आणि गोल झाली, तारा २५ वर गेल्या. आज मैहर घाटाचा सरोद म्हणतात तो हाच.

आणि नलतरंग. संस्थानच्या शस्त्रागारात जुन्या, निकामी बंदुका पडून होत्या. त्यांच्या नळ्या बाबांनी काढून घेतल्या, वेगवेगळ्या लांबीच्या कापल्या, ओळीनं मांडल्या आणि दोन काठ्यांनी वाजवल्या.

नाव किती सहज आलं पाहा. जलतरंग होताच: चिनी मातीचे वाडगे, पाण्यानं लावलेले. काष्ठतरंग होता, लाकडी पट्ट्यांचा. एक अक्षर बदललं आणि जलचा नल झाला. आपल्या मराठीला तर हा शब्द परका नाहीच. आपण बंदुकीच्या त्या भागाला नळीच म्हणतो.

नावात जितकी सहजता, तितकी बनवण्यात मात्र नाही. तार अर्ध्यावर दाबली की सूर एक सप्तक चढतो, हे सतारीला हात लावणाऱ्या पोरालाही कळतं. नळीचं गणित वेगळं. आडवी ठेवून ठोकलेली नळी किंचित वाकून थरथरते, आणि तिचा सूर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. एकाच जाडीच्या नळ्या घेतल्या आणि १ मीटरची नळी मध्य सप्तकाचा सा देत असली, तर तार सप्तकाचा सा सुमारे ७१ सेंटीमीटरवर येतो. अर्धी कापली तर सूर दोन सप्तकं वर उडून जातो. म्हणजे सगळं सप्तक या एकोणतीस सेंटीमीटरांत बसवायचं. त्यात बंदुकीची नळी एकसारखी कुठे असते? दारू पेटते त्या टोकाला ती जाड, तोंडाकडे निमुळती. दोन बंदुकांचं लोखंडही सारखं नसतं. तेव्हा हिशेब पुस्तकात राहतो आणि काम कानशीवर आणि कानावर येतं. कड घासली की सूर चढतो. चुकून जास्त घासली तर मधल्या भागातलं लोखंड खरवडून तो पुन्हा उतरवावा लागतो, आणि त्यालाही मर्यादा. नळी टेकवायची कुठे, तेही ठरलेलं: दोन्ही टोकांपासून साधारण २२ टक्के अंतरावर तिचे दोन बिंदू जवळजवळ हलतच नाहीत. तिथे आधार दिला की सूर मोकळा वाजतो, इतरत्र दिला की बोदा होतो. बाबांनी हे सूत्रांनी मांडलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या कानानं ते शोधलं असणार, नळी सरकवत, ठोकत, पुन्हा सरकवत.

आणखी एक गुण, जो मला या वाद्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. जलतरंग दर बैठकीला पाणी घालून-काढून लावावा लागतो. तारा हवेबरोबर उतरतात, तबल्याचं कातडं पावसाळ्यात ढिलं पडतं. लोखंडाची नळी एकदा लावली की लागली. सात-आठ वर्षांची मुलं, कान अजून कच्चा, अशा घोळक्यात एक तरी सूर कधीच हलत नाही, हा केवढा आधार! ऐकायलाही तो घंटेसारखा टणक, लख्ख येतो. तंतुवाद्यांच्या गर्दीतून वर निघतो.

बँड वाढत होता तेव्हाच मदिना भवनात बाबांची दुसरी पेरणी चालली होती. मुलगा अली अकबर, मैहरलाच १९२७ मध्ये जन्मलेली मुलगी अन्नपूर्णा, बासरीचे पन्नालाल घोष, पुढे निखिल बॅनर्जी. व्हायोलिनवादक विष्णू गोविंद जोग हेही त्यांच्याकडे शिकले. १९३५-३६ मध्ये बाबा उदयशंकरांच्या नृत्यपथकाबरोबर युरोपात गेले. त्या पथकातला उदयशंकरांचा धाकटा भाऊ रवी, म्हणजेच रविशंकर, १९३८ मध्ये नाच सोडून, डोकं भादरून मैहरला आला. या मंडळींची नावं जगभर झाली आणि बँडचं नाव त्यांच्या सावलीत गेलं. मला हा अन्याय वाटतो. मैहर घराण्याचं पहिलं अपत्य हा बँड आहे. रविशंकरांनी आकाशवाणीवर वाद्यवृंद उभा केला, अली अकबरांनी चित्रपटांना संगीत दिलं, त्यांच्या कानात तरुणपणी रोज पडत होता तो याच पोरक्या मुलांचा रियाज.

आता जरा लांब जातो. १८ जून १९६७, कॅलिफोर्नियातलं माँटरे. जगातल्या पहिल्या मोठ्या रॉक महोत्सवांपैकी एक. दुपारी रविशंकर आणि अल्लारखा वाजवून गेले, समोर हजारो तरुण मुलं कान देऊन बसली होती. रात्री त्याच व्यासपीठावर द हू या बँडच्या पीट टाउनशेंडनं आपली गिटार आपटून फोडली, आणि त्यानंतर जिमी हेंड्रिक्सनं आपल्या गिटारवर इंधन ओतून ती पेटवून दिली. हार्ड रॉकच्या जन्मकथेत ही रात्र मानाची आहे. रविशंकरांना ती सहन झाली नाही. हेंड्रिक्सच्या वाजवण्याचं त्यांना कौतुक होतं, पण वाद्याला आग लावणं त्यांना अपवित्र वाटलं, आणि हे दुःख ते पुढे अनेकदा बोलून दाखवत.

हेंड्रिक्सला मी दोष देत नाही. त्याच्या हातात पोलादी तारा होत्या, देश व्हिएतनामात लढत होता, स्वतः तो पॅराशूट दलातून आलेला. युद्धाचा आवाज त्यानं गिटारमधून काढला आणि तो खरा होता. पण रविशंकरांची कळ मला जवळून समजते. ते ज्या अंगणात शिकले, तिथे त्यांच्या गुरूनं बंदुका मोडून वाद्य केलं होतं. त्या अंगणातून आलेल्या माणसासमोर वाद्याची राख झाली, तर त्याला दुसरं काय वाटणार?

चार वर्षांनी, १ ऑगस्ट १९७१ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉर्ज हॅरिसननं बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल मांडली. दोन खेळांना मिळून सुमारे ४० हजार माणसं आली. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार यांच्या आधी, सुरुवातीलाच, रविशंकर आणि अली अकबर बसले. ब्राह्मणबाडियाचा मुलुख जळत होता, आणि तिथून पळालेल्या मुलाचे दोन शागीर्द रॉकच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर त्या मुलुखासाठी वाजवत होते. बाबा तेव्हा मैहरला होते, थकलेले. पुढच्या वर्षी ६ सप्टेंबरला ते गेले.

बँड अजून वाजतो. मैहरच्या संगीत महाविद्यालयात आता पुढच्या पिढ्यांचे वादक आहेत, आणि बाबांच्या नावानं दरवर्षी होणाऱ्या समारोहात ते बसतात. वाजवण्याआधी जरा वेळ जातो. सतारवाला खुंट्या पिळतो, सरोदवाला तरफा जुळवतो, तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर ठाकठोक करतो, व्हायोलिनचे गज वर-खाली होतात. नलतरंगवाला मात्र काठ्या मांडीवर ठेवून शांत बसलेला असतो. त्याच्या नळ्या शंभर वर्षांपूर्वी लावून झाल्या आहेत.