पन्नास सह्यांचा मुखत्यारनामा

सुजाण नागरिकाच्या जबाबदाऱ्या सांगताना मतदान, करभरणा आणि कायद्याचे पालन यांचा उल्लेख प्रथम होतो. परंतु ज्या काळी सामान्य माणसाला मताचा अधिकारच नव्हता आणि तो ‘रयत’ म्हणूनच ओळखला जात होता, त्या काळीही पुण्यातील काही गृहस्थांनी नागरिकाची जबाबदारी आपण होऊन शिरावर घेतली. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेचा इतिहास हा त्या जबाबदारीचा इतिहास आहे.

सभेच्या जन्मास निमित्त झाले ते एका देवस्थानाच्या कारभाराचे. नानासाहेब पेशव्यांनी उभारलेल्या पर्वती संस्थानाला पेशवाईनंतर इंग्रज सरकारकडून नेमणूक मिळत असे. व्यवस्था पंचांकडे होती. त्या व्यवस्थेविषयी शहरात असमाधान वाढू लागले. तक्रार करावी तरी कोणी आणि कोणाच्या वतीने, हा प्रश्न उभा राहिला. धर्मादाय पैशाचा हिशेब मागण्यातून एका राजकीय संस्थेचा उगम व्हावा, ही गोष्ट विश्वस्तपदाची धुरा वाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवण्याजोगी आहे. सरकार आणि प्रजा यांच्यामध्ये विश्वासू मध्यस्थ हवा, हा विचार तेथून पर्वतीपुरता राहिला नाही.

या कार्यातील प्रमुख पुरुष गणेश वासुदेव जोशी. साताऱ्यात १८२८ साली जन्मलेले हे गृहस्थ पुण्यात वकिली करीत. लोककार्यात ते इतके रमले की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले आणि तेच नाव कायम झाले. सभेचे पहिले अध्यक्षपद औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी भूषविले.

सभेची खरी अपूर्वता तिच्या एका नियमात होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा, असा तो नियम. म्हणजे वर्गणी भरली आणि सभासद झाला, इतके ते सोपे नव्हते. जो लोकांसाठी बोलणार, त्याने लोकांची संमती आधी घेतली पाहिजे. आरंभी अशा ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. निवडणूक नव्हती, मतपेटी नव्हती, तरीही दारोदार जाऊन मिळविलेला तो एक प्रकारचा जनादेशच होता.

दुसरी जबाबदारी सभेने ओळखली ती माहितीची. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी ब्रिटिश पार्लमेंटची समिती करीत असता सभेने उपसमिती नेमून महाराष्ट्रातील शेतसारा, कर आणि रयतेची सांपत्तिक स्थिती यांची माहिती गोळा केली व १८७३ मध्ये ती अहवालरूपाने प्रसिद्ध केली. १८७१ साली न्यायाधीश म्हणून पुण्यास आलेल्या महादेव गोविंद रानडे यांच्या अभ्यासू दृष्टीचा या कामावर ठसा उमटला. गाऱ्हाणे आकड्यांनिशी मांडावयाचे, ही शिस्त त्यांनी सभेला लावली. १८७८ पासून निघालेले सभेचे इंग्रजी त्रैमासिक याच शिस्तीचे फळ.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात या शिस्तीची कसोटी लागली. दुष्काळी कामांवरील मजुरी सरकारने १८७७ च्या प्रारंभी घटविली. उपाशी माणसांनी त्या मजुरीवर खडी फोडावी अशी अपेक्षा होती. अनेक ठिकाणी मजूर कामे सोडून गेले. सभेने गावोगावची स्थिती कळवून घेतली आणि सरकारकडे पत्रांमागून पत्रे पाठविली. त्याच वर्षाच्या १ जानेवारीस दिल्लीत दरबार भरला होता. तेथे सार्वजनिक काका स्वतः कातलेल्या सुताच्या खादीचा पोशाख करून गेले. हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय व सामाजिक दर्जा मिळावा, ही मागणी सभेच्या मानपत्रात होती. भरजरी दरबारात जाडाभरडा पोशाख घालण्यास जे धैर्य लागले, त्याची कल्पना आज करणेही कठीण आहे.

त्याहून मोठे धैर्य काकांनी १८७९ मध्ये दाखविले. वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. काकांचा मार्ग अर्ज-विनंत्यांचा, फडक्यांचा शस्त्राचा. मार्ग न पटला तरी आरोपीला वकील मिळाला पाहिजे, हे जाणून काका त्यांच्या बचावास उभे राहिले. सरकारचा संशय ओढवून घेण्याचेच ते काम होते. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, काकांचे निधन झाले.

सभेचे गुणगान करताना तिची उणीव झाकणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. सभेत वरिष्ठ वर्गाचाच भरणा होता. जोतीराव फुले यांनी तिच्यावर कठोर टीका केली, ती याच कारणाने. शेतकऱ्यांच्या वतीने बोलणाऱ्या संस्थेत शेतकरी, शूद्र आणि अतिशूद्र कोठे आहेत, हा त्या टीकेचा गाभा. पन्नास सह्यांचा नियम उत्तम खरा. परंतु सह्या देणारे आणि सह्या घेऊन बोलणारे यांच्यातील अंतर त्या नियमाने मिटले नाही. या आक्षेपाला सभेकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

१८९५ मध्ये सभेची सूत्रे लोकमान्य टिळकांच्या पक्षाकडे आली. रानडे व गोखले यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. त्याच सुमारास पुन्हा दुष्काळ पडला. आता दुष्काळविषयक सरकारी नियमावली अस्तित्वात होती. पीक बुडाल्यास साऱ्यात सूट वा तहकुबी केव्हा मिळते, काम कोठे मागावे, हे त्या नियमांत होते. पण ज्यांच्यासाठी नियम केले त्यांनाच ते ठाऊक नव्हते. सभेचे कार्यकर्ते मराठी पत्रके घेऊन खेड्यापाड्यांत गेले आणि सरकारचेच नियम लोकांना वाचून दाखवू लागले. काहींवर खटले झाले. १८९७ मध्ये, सभेशी यापुढे पत्रव्यवहार करावयाचा नाही, असे सरकारने ठरविले.