रघूजी भोसले बंगाल राखू शकले असते का?

मंडळी, जर-तरच्या इतिहासाला विद्वान नाके मुरडतात, पण वर्गातली मुले जागी राहतात ती त्यानेच. "सर, पानिपत जिंकलो असतो तर?" हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. आम्हा वऱ्हाडकरांनी खरे तर दुसराच विचारायला हवा. नागपूरकर भोसल्यांना बंगाल कायमचा घेता आला असता का?

कागदावर तरी अशक्य वाटत नाही. 1742 मध्ये रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये उतरले. मुर्शिदाबादेत जगत्शेठांची कोठी लुटली, हुगळी हाती आली, कटव्याला छावणी पडली. नवाब अलीवर्दीखानाच्या नोकरीतला मीर हबीब मराठ्यांना मिळाला. कलकत्त्याच्या इंग्रजांनी तर घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. मग अडले कुठे?

मला वाटते, पाण्यात अडले. आपली फौज घोड्यावरची. दसऱ्याला निघावे आणि पावसाआधी घरी परतावे, ही तिची सवय. बंगाल पडला नद्यांचा मुलूख. भास्करपंत पावसाळाभर तिथेच राहिले, कटव्याजवळ दुर्गापूजा मांडली, आणि ऐन पूजेत अलीवर्दीने होड्यांवरून नदी ओलांडून छावणीवर छापा घातला. पुढे 1744 मध्ये तहाच्या बोलणीला म्हणून मनकऱ्याला बोलावून पंतांना सरदारांसकट मारले.

घरचे भांडण वेगळेच. 1743 मध्ये नानासाहेब पेशवे फौज घेऊन बंगालमध्ये गेले, ते नवाबाच्या मदतीला, रघूजींना हुसकायला! शेवटी शाहू महाराजांना मध्ये पडून मुलूख वाटून द्यावा लागला.

बरे, हे काही आपल्याच नशिबी आले असे नाही. व्हिएतनामचा सेनापती ली थुओंग कियेत 1075 मध्ये दक्षिण चीनवर चालून गेला. त्याच्याकडे आरमारही होते. 1076 मध्ये युंगचौ, म्हणजे आजचे नाननिंग, त्याने घेतले. पण चीनची मोठी फौज येण्याआधी तो मागे फिरला. दक्षिण चीन राखण्याइतकी माणसे त्या छोट्या राज्याकडे होती कुठे? मला तरी त्याचे परतणे शहाणपणाचे वाटते.

भोसल्यांनी राखला तो ओडिशा. 1751 च्या तहात ओडिशाचा वसूल आणि बंगालची वर्षाला 12 लाख चौथाई ठरली. ओडिशा जमिनीच्या वाटेने गाठता येत होता, छत्तीसगड हाताशी होते. कटकला सुभेदार बसला, पुरीच्या जगन्नाथाची व्यवस्था पाहिली गेली. तिथे थोडेफार राज्य केले. बंगालमध्ये मात्र नुसती वसुली आणि जाळपोळ. सरकारी घोड्यावरच्या स्वाराला आपण बारगीर म्हणायचो, त्याचा तिकडे 'बर्गी' झाला, आणि बंगाली आया त्याचे नाव अंगाईत घेऊ लागल्या, मूल घाबरून झोपावे म्हणून. आमच्या वर्गात ही स्वारी पराक्रमाच्या एका ओळीत संपायची. ज्या रयतेची मुले आपल्या नावाने दचकतात, तिच्यावर राज्य कसे करणार? होड्या असत्या, पेशवे आड आले नसते, तरी हे कोडे उरलेच असते.

ओडिशाही 1803 मध्ये गेला. अडगाव आणि गाविलगड, दोन्ही लढाया इकडे वऱ्हाडात झाल्या. त्याच डिसेंबरातल्या देवगावच्या तहाने कटक आणि बालासोर इंग्रजांकडे गेले आणि वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे. आमचे कामरगाव वर्धेच्या पश्चिमेलाच आहे.