ऑफिस टाइमचे मूळ गाव

गेल्या उन्हाळ्यात इथल्या नर्सरीत ऑफिस टाइमची रोपे दिसली आणि आम्ही हरखून चार कुंड्या घरी आणल्या. "हे आपल्याकडचं फूल!" असे मुलांना ऐटीत सांगितले. धाकटीने कुंडीतली पट्टी वाचली: पोर्टुलाका, मूळ दक्षिण अमेरिका. आम्ही वरमलो आणि शोधाला लागलो.

सापडले ते असे. १८२० च्या दशकात जॉन गिलीज नावाचे स्कॉटिश डॉक्टर अर्जेंटिनातील मेंडोझा येथे राहत होते. तिथल्या डोंगरपायथ्याच्या रेताड जमिनीत त्यांना ही पसरणारी, रसाळ पानांची वनस्पती आढळली. १८२९ साली विल्यम हूकर यांनी लंडनच्या एका वनस्पतिविषयक मासिकात तिचे चित्र व वर्णन छापले आणि नाव दिले पोर्टुलाका ग्रांडिफ्लोरा, म्हणजे जणू 'मोठ्या फुलांची घोळ'. पुढे बागांच्या हौसेपायी ती देशोदेशी गेली.

पानांत पाणी साठवून ठेवण्याची सवय असल्याने ती आपल्या गच्चीवर, फुटक्या बादलीत, डालड्याच्या डब्यातही तगली. बोटभर फांदी खोचली की लागते, म्हणून शेजारणीकडून शेजारणीकडे गेली. ऊन चढल्यावर नऊ-दहाला उमलायचे, दुपारनंतर मिटायचे. नाव पडले 'ऑफिस टाइम'. शब्द दोन्ही इंग्रजी, पण नाव अस्सल आपले.

हूकरांच्या त्या नावामुळे घोळ आठवली. आजी डाळ घालून जिची भाजी करायची तीच घोळ आमच्या ड्राइव्हवेच्या भेगांत उगवत होती आणि आम्ही ती तण म्हणून उपटत होतो! तीही इथे आपल्यामागून आलेली नाही. कॅनडातील क्रॉफर्ड सरोवराच्या गाळात, कोलंबसाच्या आधीच्या थरांत तिच्या खुणा मिळाल्याचे संशोधन १९७५ साली प्रसिद्ध झाले आहे.

भाजी करणार असाल तर एक काळजी घ्या. घोळीसारखेच दिसणारे एक तण असते. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. औषध फवारलेल्या जागेचीही नको.

ऑफिस टाइमला थंडी सोसत नाही. पहिल्या हिमकडाक्यात आमच्या कुंड्या जातील, म्हणून गणपतीच्या कार्यक्रमाला फांद्या घेऊन येऊ. ज्यांना हव्या त्यांनी न्याव्यात आणि खिडकीत लावाव्यात. मुलांनी विचारले तर मेंडोझाचेही नाव सांगावे.