झाड मोजायचं की तोलायचं?

पंचनाम्यातली एक ओळ मला पाठ झाली आहे. 'उसाच्या पिकात गांजासदृश हिरवी ओली झाडे, नग अकरा, मुळासकट, एकूण वजन चोवीस किलो तीनशे ग्रॅम.'

ऊस मामांचा होता. सख्खे मामा नव्हेत, आईचे चुलत भाऊ, पण लहानपणी सुट्टीत आम्ही त्यांच्याच विहिरीत पोहायला शिकलो. गाव नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आता अहिल्यानगर. दिवाळीच्या आधी कुणीतरी खबर दिली आणि मामा आत गेले. ते निर्दोष होते असं मला म्हणायचं नाही. झाडं त्यांनीच लावली होती, विकायला लावली होती, आणि हे चुकीचं आहे हेही त्यांना माहीत होतं. आजी एवढंच म्हणाली, "तुळशीत भांग उगवली." नंतर महिनाभर तिने हा विषय काढू दिला नाही.

घरात इंग्रजी कागद वाचू शकणारा मीच, त्यामुळे वकिलांकडे जायचं काम माझ्याकडे आलं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर. कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. वकीलसाहेबांनी पंचनामा पुढे ढकलला आणि म्हणाले, "सगळं या आकड्यावर आहे." १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गांजा एक किलोपर्यंत असेल तर 'अल्प प्रमाण', शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोच्या वर गेला की 'व्यावसायिक प्रमाण', शिक्षा दहा ते वीस वर्षं. शिवाय अशा प्रकरणात आरोपी दोषी नसावा असं मानायला कोर्टाला सबळ कारण दिसल्याशिवाय जामीन नाही. लागवडीचं कलम वेगळं, त्यात वजनाची पायरीच नाही, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण मामांवर दोन्ही कलमं लागली होती आणि अडलं होतं ते चोवीस किलोंवर.

गंमत अशी (गंमत म्हणायची तर), की त्याच कायद्यात गांजाची व्याख्या आहे: झाडाचे फुलं किंवा फळं आलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर बिया आणि पानं त्यातून वगळलेली. म्हणूनच भांग या कायद्यातून सुटते. मग दहा फुटी झाडाचं खोड, फांद्या, मुळं आणि मुळाला चिकटलेली ओली काळी माती कुठल्या हिशोबात? वकील म्हणाले, "हाच वाद घालायचा आहे. कोर्टात नेहमी येतो. कधी ऐकतात, कधी नाही."

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट विचित्र वागत असेल तर जुने लॉग काढून बघायची सवय असते. गांजाचे जुने लॉग आहेत आणि ते प्रचंड आहेत.

१८९३ साली विल्यम केन नावाच्या दारूबंदीवाल्या खासदाराने ब्रिटिश संसदेत बंगालमधल्या गांजाचा प्रश्न उपस्थित केला. चौकशी आधी बंगालपुरतीच ठरली होती, पुढे ती सगळ्या हिंदुस्थानासाठी झाली. 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं, त्याने अकराशे त्र्याण्णव साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. मर्यादित सेवनाने फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदी नको, पण लागवड आवळा, परवाने द्या आणि कर लावा, असा त्याचा एकूण सूर. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे खंड स्कॅन करून ऑनलाइन ठेवले आहेत. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहून त्यात 'अहमदनगर' शोधायला बसलो. ओसीआरने कितीतरी ठिकाणी गांजाची गंगा करून टाकली होती, तरी सापडायचं ते सापडलं. मुंबई इलाख्यात गांजा पिकवणाऱ्या जिल्ह्यांत अहमदनगर होतं, सातारा होता. थोडं वर गेलं की मध्य प्रांतातलं खांडवा. कांदा-ज्वारीसारखंच एक पीक. बंगालइतकी कडक बंदिस्ती आपल्याकडे नव्हती. कुणाच्या तरी पणजोबांच्या शिवारात ते उघड्यावर उभं असणार. माझ्या की मामांच्या, सांगता येत नाही.

पण खरी श्रीमंत माहिती आहे ती बंगालची. राजशाही जिल्ह्यातलं नौगाव आणि त्याला लागून दिनाजपूर-बोगरा जिल्ह्यांचा थोडा भाग, या पट्ट्याला 'गांजा महाल' म्हणत. आता तो बांगलादेशात आहे. १८७७ साली हेमचंद्र केर या बंगाली अधिकाऱ्याने इथल्या लागवडीवर आणि व्यापारावर अख्खा अहवाल लिहिला. १८९३ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या डेव्हिड प्रेनने आणखी एक लिहिला. जमीन उंचावरची, पाणी न साचणारी. शेण आणि पेंड यांचं खत. पावसाळ्यात रोपवाटिका, पाऊस ओसरताना वरंब्यांवर लावणी, खालच्या फांद्यांची छाटणी आणि हिवाळा संपताना कापणी. ऊस किंवा तंबाखू करणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे वाचून नवल वाटणार नाही. नवल पुढे आहे.

गांजाची नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी. पराग वाऱ्याने उडतो. मादीला पराग मिळाला की तिची शक्ती बियांकडे जाते. नाही मिळाला तर ती नुसती फुलत राहते आणि त्या फुलोऱ्यावर राळ धरत जाते. नशा त्या राळेत. तेव्हा पीक हवं तर नर फुलण्याआधी ओळखून काढायचा. कोवळ्या झाडात हा फरक कळणं सोपं नाही. त्यासाठी नौगावात खास माणूस बोलावला जाई. त्याला पारखदार म्हणत, किंवा पोद्दार. इंग्रज अधिकारी त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. पोद्दार म्हणजे आपल्याकडचा पोतदार, खरं-खोटं नाणं पारखणारा. तोच शब्द तिकडे शेतात उतरला होता. तो ओळीओळीने फिरे, प्रत्येक झाड बघे आणि नर बाद करी. (युरोपात ताग्यासाठी हेच झाड लावणारे शेतकरी शतकानुशतकं उलटं समजत होते. इंग्लंडात दांडग्या मादी झाडाला 'कार्ल' म्हणजे गडी म्हणत, आणि किरकोळ दिसणाऱ्या नराला मादी.)

माझ्यासारख्या माणसाला यातली एक गोष्ट लगेच दिसते. पराग बांध ओळखत नाही. मी माझं रान चोख राखलं आणि शेजाऱ्याने एक नर विसरला, तर माझ्याही शेतात बिया. म्हणजे हे पीक एकट्याने घेताच येत नाही, सगळ्या शिवाराने एकमेकांवर भरवसा ठेवावा लागतो. सरकारने महाल बंदिस्त ठेवला तो कर बुडू नये म्हणून, पण पिकालाही ते मानवलं. १९१७ मध्ये नौगावच्या शेतकऱ्यांनी गांजा उत्पादकांची सहकारी सोसायटी काढली. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला इथे एकदम घरी आल्यासारखं होतं: उत्पादकांची सोसायटी, तिच्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते. फक्त उसाच्या जागी गांजा. फाळणी झाली, पुढे बांगलादेश झाला, तरी लागवड चालू राहिली. १९८७ मध्ये ती थांबली.

आणि तोल. गांजा सरकारी गोदामात येई, तिथे वजन होई आणि वजनावर कर. पण मालाचे प्रकार तीन: पायाखाली तुडवून केलेला चपटा, वळून केलेला गोल आणि सुटा चुरा. तिघांचे दर वेगळे. चपट्याला सगळ्यात कमी, चुऱ्याला सगळ्यात जास्त. कारण चपट्यात काड्या असतात आणि काडीत नशा नसते. टीएचसी हा शब्दही तेव्हा नव्हता. ते द्रव्य इस्रायलमध्ये मेकूलम आणि गाओनी यांनी वेगळं केलं १९६४ मध्ये. तरीही एकोणिसाव्या शतकातल्या अबकारीच्या कारकुनाला काडी आणि कळी यांतला फरक कळत होता. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मामांच्या मुळाची माती माझ्या डोळ्यांसमोर होती.

आता जरा दूर जाऊ, कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला. कारण 'भलंमोठं गांजाचं झाड' म्हटलं की इंटरनेट तिकडेच नेतं. हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांना 'एमराल्ड ट्रँगल' म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकात शहर सोडून आलेली हिप्पी पोरं तिथल्या डोंगरात राहिली आणि बिनबियांचा गांजा करू लागली. त्याला स्पॅनिश शब्द, 'सिन्सेमिया', म्हणजे बियांविना. १९७६ मध्ये त्या नावाचं रंगीत फोटोंचं पुस्तकही निघालं. अमेरिकी लिखाणात हे तंत्र बरेचदा त्यांच्याच पिढीच्या शोधासारखं येतं. केरचा अहवाल तेव्हा नव्याण्णव वर्षांचा झाला होता. त्यांनी तो वाचला असेल असं नाही. नर काढला की मादी फुलते, हे ज्याला त्याला आपल्या शेतात कळू शकतं. तरी मला थोडा राग आलाच.

त्या झाडांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. दहा-पंधरा फुटी, आंब्याच्या कलमासारखा घेर, भोवती जाळी आणि बाजूला शिडी घेऊन उभा माणूस. मला आधी वाटलं, ही अमेरिकनांची मोठेपणाची हौस. हौस आहेच. पण तिच्यामागे एक कलम आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ऐंशीच्या दशकात किमान शिक्षा ठरवल्या, त्या झाडांच्या संख्येवरही. शंभर झाडं, किमान पाच वर्षं. हजार झाडं, किमान दहा. रोप वीतभर असो की पंधरा फुटी, मोजणीत एकच. मग शहाणा शेतकरी काय करेल? नव्याण्णवच्या आत थांबेल आणि प्रत्येक झाडाला मोठी जागा, मोठी माती, पूर्ण ऊन देईल. १९९६ मध्ये औषधी वापराला राज्याने परवानगी दिली, त्यानंतर काउंट्यांनी घातलेल्या मर्यादाही बऱ्याचदा संख्येच्याच. मेंडोसिनोत तर काही काळ शेरीफच झाडांना बांधायला क्रमांकाच्या प्लास्टिक पट्ट्या विकत होता, नव्याण्णव झाडांपर्यंत. केंद्राच्या दबावाखाली ते २०१२ मध्ये बंद पडलं.

उलटंही झालं होतं. १९८३ पासून 'कॅम्प' नावाच्या मोहिमेत हेलिकॉप्टरं डोंगरांवरून फिरू लागली. वरून दिसेल ते मोठं झाड धोक्याचं. मग लोकांनी झाडं मोठ्या वृक्षांच्या सावलीत नेली, लहान ठेवली, आणि पुष्कळांनी सरळ खोलीत दिव्यांखाली. तिथे कंबरेएवढी झाडं, दाटीवाटीने. बियाणं निवडलं गेलं तेही बुटकं आणि लवकर फुलणारं. म्हणजे एकाच झाडाला वरून बघणाऱ्यांनी बुटकं केलं आणि मोजणाऱ्यांनी ताडमाड. ऊन-माती-पाण्याचा वाटा आहेच, पण त्या झाडाची उंची ठरवली ती शिक्षेच्या तक्त्याने.

आणि आमच्याकडे तक्ता वजनाचा. त्यामुळे मोठं झाड लावणारा इथे दुप्पट फसतो. कॅलिफोर्नियात अकरा झाडं म्हणजे अकरा. इथे अकरा झाडं किती, ते तराजू सांगणार, आणि तराजूवर काय काय चढवायचं हे त्या दिवशी बांधावर उभा असलेला माणूस ठरवणार. मामांची झाडं उसात लावलेली. उसात लपवायचं तर झाडाला उसाबरोबर चढावं लागतं. ती नुसती उंच झाली होती, उजेडाकडे धावलेली, किडकिडीत, फुलोरा शेंड्याला थोडासा. रासायनिक तपासणीच्या कागदात बियांचा उल्लेख होता. म्हणजे नर काढलेलेच नव्हते.

वकीलसाहेबांना मी केर आणि तिन्ही दर सांगितले. ते हसले. म्हणाले, "साहेब, १८७७ चा अहवाल काय दाखवू कोर्टाला? जामिनाच्या अर्जात एवढंच लिहू, की फुलोरा वेगळा करून तोललेला नाही." तेवढंच लिहिलं. तारखा पडत गेल्या. चौदा महिन्यांनी जामीन झाला. खटला अजून उभा आहे.

सुटल्यावर मामांना भेटायला गेलो. ऊस तुटून गेला होता, रानात पाचट पडलेलं. मामा खाटेवर बसले होते, बरेच वाळलेले. चहा झाला. काय बोलावं कळेना, म्हणून मी नौगावचं सांगायला लागलो: पोतदार, नर, मादी, सोसायटीचा दवाखाना. फोनवर नर फुलाचा आणि मादी फुलाचा फोटो दाखवला. मामांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि बराच वेळ नराचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"असली होती त्यात," ते म्हणाले. "चार तरी असतील."

मग फोन परत देत म्हणाले, "म्हणजे ती नुसती वजनालाच होती की रे."