परागज्वर आणि तीव्र उष्मा

परागज्वर : हवेतील परागकणांमुळे ठरावीक ऋतूत नाक, डोळे व श्वसनमार्गाला होणारी ॲलर्जी (अधिहर्षता). लागोपाठ शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, डोळ्यांना व टाळूला खाज ही लक्षणे. बहुधा लहानपणी जडते. तिशी-चाळिशीत पहिल्यांदा उद्भवल्याचीही पुष्कळ उदाहरणे आहेत.

लंडनचे वैद्य जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःच्याच या दुखण्याचे वर्णन वैद्यकीय सभेपुढे मांडले. ऐन उन्हाळ्यात ते हैराण होत आणि दमट उष्म्याला, प्रखर उन्हाला दोष देत. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी पतंगांना चिकट काचपट्ट्या बांधून हवेतले पराग गोळा केले, स्वतःची त्वचा खरवडून तिच्यावर पराग चोळले, आणि १८७३ च्या ग्रंथात गवताचे पराग हेच कारण असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर उष्म्याचा विचार मागे पडला. आता तो परागांच्याच वाटेने परतला आहे.

उत्तर अमेरिकेत १९९० ते २०१८ या काळात परागहंगाम सुमारे २० दिवस अलीकडे सरकला, ८ दिवसांनी लांबला आणि परागांचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी वाढले. जपानमध्ये सुगी वृक्षाच्या नर-कळ्या उन्हाळ्यातच धरतात, म्हणून कडक उन्हाळ्यानंतरचा वसंत तिथे अधिक त्रासाचा जातो. उलट, उष्म्याला दुष्काळाची जोड मिळाली तर गवत करपते आणि परागही घटतात. पारा चढला की ॲलर्जी वाढणारच, असे सरळ गणित मांडता येत नाही. मात्र कडक उन्हात वाहनांच्या धुरापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, त्याने श्वसनमार्गाचा दाह होतो आणि मग थोडे परागही सोसवत नाहीत.

मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ रोजी पारा ३५ अंशांपर्यंत चढल्यावर संध्याकाळी वादळ आले. ओलाव्याने राय गवताचे पराग फुटले व त्यांतले सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर गेले. हजारो लोकांना धाप लागली, १० जण दगावले. परागज्वर असलेले, पण दम्याचे निदान कधीच न झालेले प्रौढ रुग्णांत पुष्कळ होते. परागज्वराला किरकोळ सर्दी समजणे म्हणूनच धोक्याचे.

महाराष्ट्रात वावळाचे पराग उन्हाळ्याच्या तोंडाशी उडतात, तर गवतांचे पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या उकाड्याला लागून. १९५० च्या दशकात पुण्याजवळ आढळलेले गाजर गवत ओल मिळेल तिथे फुलते. त्याने त्वचाही सुजते.

क्लोरफेनिरामिनसारख्या ॲलर्जीवरच्या जुन्या गोळ्या झोप आणतात व घाम कमी करतात. उष्णतेच्या लाटेत वृद्धांना आणि उन्हात राबणाऱ्यांना त्यामुळे उष्माघाताचा धोका वाढतो. सेटिरिझीन, लोराटाडिन यांत तो बराच कमी. नाकात मारायचे स्टेरॉइडचे फवारे हंगामाच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करतात. हंगाम अलीकडे सरकला की डॉक्टरांना ही तारीखही अलीकडे आणावी लागते.