उन्हाळ्यात गिऱ्हाईक कसं टिकवलं गेलं



चैत्र संपत आला की आपल्या कुर्डुवाडीत दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मग शिवणकाम करणारी, बांगड्या विकणारी, घरून मसाला देणारी, सगळ्याच म्हणतात, "आता पाऊस पडेपर्यंत गिऱ्हाईक नाही." कुणी दुकान अर्धं मिटून घेतं, कुणी ऑर्डरीची वही कपाटात ठेवतं. मृगात वही पुन्हा उघडावी, तर जुनं गिऱ्हाईक दुसऱ्या दाराशी गेलेलं असतं. म्हणून आज आपण बघूया, की आपल्या आधीच्या माणसांनी हा मंदीचा काळ कसा काढला.

आपला भाग रब्बी ज्वारीचा. खळी उरकली, धान्य घरात आलं, की त्यानंतर उन्हाळा. जुन्या बलुतेदारीत कुंभार, सुतार, चांभार वर्षभर काम करत आणि आपला वाटा खळ्यावर घेत. त्या व्यवस्थेत अन्यायही होता, तो विसरून चालणार नाही. पण तिच्यातली एक गोष्ट धंद्याची होती: हिशोब वर्षाचा असे, हंगामाचा नसे. आज हाताला काम नाही म्हणून कारागीर घरोघरचा संबंध तोडत नसे.

उन्हाळ्यातली दुसरी जुनी रीत म्हणजे पाणपोई. दुकानासमोर रांजण ठेवायचे, ओलं फडकं गुंडाळायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायचं. त्यात पुण्य होतंच, पण तहानलेला माणूस सावलीत दोन घटका थांबे आणि दुकानाचं नाव लक्षात ठेवी. आणि आपल्या बायकांची रीत म्हणजे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर आंब्याची डाळ, पन्हं आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. कुणाच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र झाल्या, कुणाच्या शेवया बारीक आहेत, हे सगळं तिथंच कळे. जाहिरात हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण काम तेच झालं.

आता आपल्या स्टेशनाकडे येऊ. मोठी रेल्वे 1859 साली इथवर आली, तेव्हा स्टेशनचं नाव होतं बार्शी रोड. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी इथून बार्शीला धावू लागली. ती 1906 साली पंढरपूरला, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत जायचं तर कुर्डुवाडीत उतरावंच लागे. माणसं उतरत, माल उतरे. पंढरीच्या चार वाऱ्यांपैकी चैत्री वारी तर ऐन उन्हातली. विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नव्हतं, ते फलाटावर येऊन उभं राही.

पुढे छोट्या रुळांच्या जागी रुंद रूळ आले. प्रवास सोयीचा झाला, ते चांगलंच झालं. पण इथं उतरून गाडी बदलायची सक्ती संपली. आयतं गिऱ्हाईक हे परिस्थितीचं देणं असतं आणि परिस्थिती बदलली की ते जातं, हे आपल्या गावानं पाहिलं आहे.

मग काय करायचं? याचं उत्तर मुंबईत गिरगावच्या सात बायकांनी दिलं. 15 मार्च 1959 रोजी त्यांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे 'लिज्जत'. त्यांचा अडचणीचा हंगाम पावसाळा होता. पहिल्या वर्षी पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह! पाऊस पडत राहिला आणि पापड वाळत राहिले. हंगाम बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, पण दुकानदाराकडचा माल खंडू न देणं हातात होतं.

आपली अडचण उलटी आहे. आपल्याकडे ऊन भरपूर, माल भरपूर, पण दुपारी घेणारा नाही. साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, कुरडया, वर्षाचं काळं तिखट, हे सगळं आपण याच दिवसांत करतो. ते खपतं मात्र आषाढीला आणि श्रावणात. म्हणून करणं आणि सांगणं एकाच वेळी व्हायला हवं. वाळवण गच्चीवर आहे तेव्हाच त्याचा फोटो नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाठवा. आषाढीची मागणी वैशाखातच वहीत लिहून घ्या, थोडी आगाऊ रक्कम घ्या, म्हणजे साबुदाणा उधार आणावा लागणार नाही. दुकान सकाळी सातला उघडा, दुपारी बंद ठेवा, संध्याकाळी पाच ते नऊ पुन्हा उघडा, आणि ही वेळ दारावर ठळक लिहा. सुट्टीला माहेरी आलेल्या लेकी परत जाताना डबे भरून नेतात. त्यांच्या डब्यावर तुमचं नाव आणि फोन नंबर असू द्या, म्हणजे पुढची मागणी पुण्याहून येईल. आणि दारात एक माठ भरून ठेवा.

गिऱ्हाईक दोन महिने काही घेणार नाही, हे चालेल. दोन महिने त्याला आपली आठवणच झाली नाही, तर मात्र श्रावणातला घरखर्च अडतो.