बिऱ्हाड ते फ्लॅट : नागपूरच्या किरायाची हकीकत

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला होता. पण नोंदणी, भूमिपूजन, बोअरवेल, लिफ्ट हे सारं माननीय अध्यक्षांच्या मनोगतात आलेलंच आहे. तेच पुन्हा लिहून पानं भरण्यात अर्थ नाही. म्हणून मी त्याच्या आधीचा इतिहास लिहितो. आपण इथे येण्यापूर्वी राहत कुठे होतो?

हा प्रश्न मला जुन्या फायलीमुळे सुचला. पहिली पाच वर्षं मी सोसायटीचा खजिनदार होतो. सभासदत्वाचे मूळ अर्ज अजून माझ्याकडच्या कपाटात आहेत. चोवीस अर्जांपैकी एकवीस अर्जांत 'सध्याचा पत्ता' या रकान्यात पहिला शब्द आहे 'द्वारा'. द्वारा श्री. अमुक, महाल. द्वारा श्रीमती तमुक, गोकुळपेठ. म्हणजे चोवीसातले एकवीस जण किरायेदार होते. एकविसावा 'द्वारा' माझा. वडिलांनी बांधलेलं घर धाकट्या भावाकडे गेलं आणि मी बदल्यांवरून परत आलो तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा किरायाच्या घरात होतो.

नागपूर हे फार पूर्वीपासून बाहेरून आलेल्या नोकरदारांचं गाव. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरलं. १८६७ ला रेल्वे आली, १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाड जोडला गेला, १९२३ मध्ये विद्यापीठ झालं, १९३६ मध्ये हायकोर्ट आलं. प्रत्येक वेळी कारकून, मास्तर, वकील, कामगार आले आणि त्यांना डोक्यावर छप्पर लागलं. एम्प्रेस मिलने इंदोऱ्याला कामगारांसाठी वसाहत उभारली. साहेब लोकांना सिव्हिल लाईन्समध्ये बंगले होते. मधल्या माणसासाठी मात्र महाल, इतवारी, बुधवारीतले वाडे होते. वाड्याचा मालक पुढच्या भागात आणि मागे चार, सहा, कधी दहा बिऱ्हाडं. नळ एक, संडास टोकाला, आणि अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवरून होणारी भांडणं. १९३६ च्याच कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला, आपण सगळे ज्याला नासुप्र म्हणतो तो. त्याने नव्या वस्त्या आखल्या. पण प्लॉट घेणं ही तेव्हा बिऱ्हाडकरूच्या ऐपतीतली गोष्ट नव्हती.

मग महायुद्ध आलं, महागाई आली आणि घरांची टंचाई झाली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, जरीपटका वसला. सरकारने १९४६ साली किरायाच्या जागांबद्दल कायदा केला आणि त्याखाली १९४९ मध्ये एक आदेश काढला. त्याचं नाव सीपी अँड बेरार लेटिंग ऑफ हाऊसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर. नागपूरच्या वकिलांच्या तोंडी तो नुसता 'रेंट कंट्रोल ऑर्डर' आणि त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध कलम म्हणजे तेरावं. आज ज्यांचं वय पन्नासच्या खाली आहे त्यांना हे कलम तेरा माहीत असण्याचं कारण नाही, पण त्यांच्या आजोबांची झोप या कलमावर अवलंबून होती.

कलम तेरा असं की, घरमालकाला किरायेदाराला घर सोडण्याची नोटीससुद्धा स्वतःच्या मर्जीने देता येत नव्हती. आधी रेंट कंट्रोलरकडे अर्ज करून लेखी परवानगी घ्यायची. त्यासाठी ठरावीक कारणं होती. किराया तीन महिने थकला, किरायेदाराने पोटकिरायेदार ठेवला, किंवा मालकाला स्वतःला राहायला जागेची खरीखुरी गरज आहे, अशी. परवानगी मिळाली तर नोटीस आणि नोटिशीनंतर दिवाणी कोर्टात दावा. परवानगीच्या निकालावर अपील होतंच. मुंबईतही १९४७ चा कायदा होता, पण तिथे मालक थेट कोर्टात जायचा. आपल्याकडे कोर्टाच्या दारापर्यंत पोचायलाच एक अख्खी लढाई लढावी लागे. शिवाय किराया वाढवणंही मालकाच्या हाती नव्हतं. वाजवी किराया कंट्रोलर ठरवणार.

आता घरची गोष्ट सांगतो. माझे वडील सचिवालयात कारकून होते. १९५१ साली महालातल्या एका वाड्यात त्यांनी दोन खोल्या घेतल्या, किराया महिना चौदा रुपये. वडिलांना तेव्हा भत्त्यासह पंच्याऐंशी रुपये मिळत. म्हणजे पगाराचा सहावा हिस्सा किरायात. आई म्हणायची की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरात भाजी येत नसे, पण किरायाचे पैसे डब्यात वेगळे असत.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. नागपूरची राजधानी गेली, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला झाली, हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि इथे खंडपीठ उरलं. वडिलांचे कित्येक सहकारी ट्रंका बांधून भोपाळला निघाले. वडील इथेच राहिले. ते सांगत की त्या वर्षी महालात 'खोली किरायाने देणे आहे' अशा पाट्या त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या. सहा महिने किरायेदार राजा होता. पण ते फार टिकलं नाही.

१९६२ साली वीज घेतली तेव्हा किराया अठरा रुपये झाला आणि पुढे एकवीस वर्षं अठराच राहिला. मी १९७१ ला जी. एस. कॉलेजातून बी.कॉम. झालो, १९७२ ला बँकेत लागलो. १९७४ मध्ये वडिलांचा आणि माझा पगार मिळून नऊशेच्या आसपास होता आणि किराया अठरा. म्हणजे शंभरात दोन रुपये. बँकेच्या नोकरीमुळे मला टक्केवारी काढायची खोड आहे, पण हे गणित मी त्या काळी कधी केलं नव्हतं. ते आपल्या फायद्याचं होतं ना!

वाड्याच्या मालकीणबाई विधवा होत्या. आम्ही त्यांना माई म्हणत असू. पाच बिऱ्हाडांचा मिळून किराया शंभरसुद्धा होत नसे. त्यात घरटॅक्स, कौलं आणि एका मुलाचं शिक्षण. १९७४ च्या दिवाळीनंतर त्या आमच्या ओसरीवर आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, ''भाऊ, पोराचं लग्न ठरतं आहे जी. सून आणली तर ठेवू कुठं? तुमच्या दोन खोल्या मोकळ्या करून द्या.'' वडील गप्प बसले. बाजारात तशाच दोन खोल्यांना तेव्हा ऐंशी-नव्वद मागत होते. दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. आम्ही खोल्या सोडल्या नाहीत.

माईंनी रेंट कंट्रोलरकडे अर्ज केला. आमच्या वकिलाने सांगितलं की बाई स्वतःच्याच घरात राहतात, वरच्या मजल्यावर दोन खोल्या त्यांच्याकडे आहेत, तेव्हा गरज सिद्ध होत नाही. उत्तराचा मसुदा मी लिहिला, कारण घरात इंग्रजी मला बरं येत होतं. 'अर्जदाराकडे पुरेशी व राहण्यायोग्य जागा आहे,' हे वाक्य माझं. वरच्या दोनपैकी एका खोलीत पावसाळ्यात परातीच्या परात पाणी साचायचं. ती परात उचलून ओतायला माई मलाच हाक मारायच्या. तरी मी ते वाक्य लिहिलं आणि वडिलांनी सही केली. अर्ज नामंजूर झाला. माई अपिलात गेल्या, ते चाललं. मुलाचं लग्न झालं आणि तो बायकोला घेऊन नोकरीच्या गावी राहिला, माई वाड्यात एकट्या. या सगळ्या काळात नळ एकच होता आणि संक्रांतीचा तिळगूळही थांबला नाही. एकमेकांविरुद्ध तारखेला जायचं आणि येताना एकाच रिक्षात यायचं, असंही दोनदा घडलं आहे.

कायदा वाईट होता असं मी म्हणत नाही. तो नसता तर १९५१ मध्येच आम्ही रस्त्यावर आलो असतो. माझं शिक्षण, बहिणींची लग्नं आणि पुढे घेतलेला प्लॉट हे सगळं त्या अठरा रुपयांनी शक्य केलं. पण शिल्लक पडलेला पैसा कुठून आला? सरकारच्या तिजोरीतून आला नाही. तो माईंच्या गळक्या छपरातून आला. किरायेदार गरीब आणि मालक श्रीमंत असं कायद्याने गृहीत धरलं होतं. महालातल्या कितीतरी वाड्यांत ते उलटं होतं. मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि किरायेदार करत नाही, म्हणून वाडे एकेक करून खचत गेले. नवीन घर बांधून किरायाने द्यावं असं कोणाला वाटेना. कुलूप लावून ठेवलेलं परवडलं, अशी मालकांची भाषा झाली.

त्याचा परिणाम नागपूरच्या नकाशावर दिसतो. किरायाची घरं मिळेनात म्हणून नोकरदार माणूस शहराबाहेरच्या शेतांतले प्लॉट घेऊ लागला. शेत विकत घ्यायचं, चुन्याच्या रेषा मारायच्या, ले-आऊट तयार. आम्हीही असाच एक प्लॉट हप्त्यांनी घेतला. तिथे रस्ता नव्हता, गटार नव्हतं आणि नासुप्रची मंजुरी तर नव्हतीच. नासुप्रच्या 'आर.एल.'साठी नागपूरकराने किती चपला झिजवल्या ते प्रत्येक घरात ठाऊक आहे. शेवटी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला आणि असे ले-आऊट नियमित करण्याची वाट खुली झाली. १९८३ मध्ये बँकेच्या कर्जावर आम्ही त्या प्लॉटवर तीन खोल्या बांधल्या आणि वाडा सोडला. माईंचं अपील तेव्हाही सुरूच होतं.

पुढे माझ्या बदल्या झाल्या. १९९९ मध्ये नागपूरला परत आलो तेव्हा माझ्याकडे शाखांच्या जागांचं काम होतं. त्याच सुमारास जुन्या कायद्यांचं दिवस भरणं सुरू होतं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९९७ मध्ये मुंबईच्या कायद्याबद्दल सांगितलं होतं की किराया असा गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुंबईचा, मराठवाड्यातला हैदराबादचा आणि आपला सीपी-बेरारचा, असे तीन कायदे जाऊन सगळ्या राज्याला एक कायदा झाला. आपलं कलम तेरा त्या दिवशी संपलं. जुन्या किरायेदाराचं संरक्षण राहिलं, पण मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ मिळाली. आणि बँका, सरकारी उपक्रम, मोठ्या कंपन्या यांचं संरक्षण काढून घेतलं.

एप्रिल २००० मध्ये माझ्या टेबलावर नोटिशींचा गठ्ठा आला. वीस-पंचवीस वर्षं शाखेला जागा देऊन बसलेले घरमालक बाजारभाव मागत होते. वाटाघाटीला मी बँकेच्या बाजूने बसायचो. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, ''साहेब, तुमच्या शाखेचा शिपाई माझ्या किरायापेक्षा जास्त पगार घेतो.'' मी फाईल मिटली आणि चहा मागवला. त्यांच्या जागेचा दर मी वरिष्ठांकडे जितका वर नेता आला तितका नेला. का, ते ऑफिसात कोणाला सांगितलं नाही.

त्याच वर्षी आपली सोसायटी नोंदली गेली. हा योगायोग पूर्ण योगायोग नव्हता. १९९५-९६ मध्ये गृहकर्ज पंधरा टक्क्यांच्या आसपास होतं, २००३ पर्यंत ते आठच्या घरात आलं. व्याजावरची आयकर सवलत १९९९ मध्ये पंच्याहत्तर हजार होती, २००१ मध्ये दीड लाख झाली. किराया भरण्याऐवजी हप्ता भरा, असं सांगायला बिल्डरपेक्षा आम्ही बँकवालेच पुढे होतो. मनीषनगरच्या फाटकावर ताटकळत, धूळ खात आपण सगळे हा 'लांबचा' फ्लॅट पाहायला आलो होतो, आठवतं ना?

आज चोवीसपैकी नऊ फ्लॅट किरायाने दिलेले आहेत. करार अकरा महिन्यांचा, नोंदणीकृत. मुदत संपली की घर रिकामं करायचं. बहुतेक करारांत नूतनीकरणाला दहा टक्के वाढ लिहिलेली असते. वर्षाला चार टक्क्यांनी शंभर रुपये पंचवीस वर्षांत दोनशे सदुसष्ट होतात आणि दहा टक्क्यांनी एक हजार त्र्याऐंशी. मिहानमध्ये नोकरी करणारा आपल्याच इमारतीतला एक मुलगा बेचाळीस हजारांतले चौदा हजार किरायात देतो. म्हणजे तिसरा हिस्सा. माझ्या वडिलांचा १९५१ मध्ये सहावा होता आणि तो आम्हाला जड वाटायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत आपण ठराव केला की अविवाहित मुलामुलींना फ्लॅट किरायाने देऊ नयेत. मीही हात वर केला होता. पुढच्याच महिन्यात गडचिरोलीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. ती दवाखान्यात नर्स होती. त्यांना ठराव सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. ते रागावले नाहीत. ''मग साहेब, लेकीले ठेवू कुठं?'' एवढंच विचारलं. मला माईंची ओसरी आठवली.

आदर्श उपविधींप्रमाणे किरायेदार ठेवायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही. आगाऊ कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्कही ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही. ते वाढवावं अशी सूचना पुन्हा आलेली आहे. येत्या सर्वसाधारण सभेत मी या सूचनेच्या आणि त्या जुन्या ठरावाच्याही विरोधात बोलणार आहे. ज्यांना मी म्हातारपणी मत बदलतो असं वाटेल, त्यांनी तसं खुशाल म्हणावं.

वाडा सोडला त्या दिवशी मी माईंच्या हातात शेवटच्या महिन्याचे अठरा रुपये दिले. वीस दिले असते तरी चाललं असतं, पण सुटे मोजून दिले. त्यांनी आत जाऊन पावतीपुस्तक आणलं, महिना आणि रक्कम लिहिली, पावतीवर 'खोल्या आज रिकाम्या मिळाल्या' असं लिहून सही केली आणि आईच्या ओटीत नारळ घातला. १९५१ पासूनच्या सगळ्या पावत्या वडिलांनी तारेत ओवून ठेवल्या होत्या. ती तार आता माझ्याकडे आहे. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी सभागृहात जुन्या फोटोंचं टेबल लागणार आहे, त्यावर ठेवतो. नातवंडांना दाखवायची असेल तर जपून हाताळा, कागद फार पिवळा पडला आहे.